चौदा वर्षांच्या पोरीचा जबाब

अमेरिकेतल्या काळ्या माणसाशी मराठी वाचकाची ओळख झाली ती प्रामुख्याने छापील अक्षरांतून. १९६६ साली ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याचे नाव आणि त्याची रग १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपलीशी केली. त्या काळात आपल्याकडे काळ्यांच्या कथा, कविता, आत्मचरित्रे यांच्याविषयी भरभरून लिहिले-बोलले गेले. रिचर्ड राइट, लँगस्टन ह्यूज, जेम्स बॉल्डविन ही नावे आपल्या चर्चासत्रांतून सहज घेतली जाऊ लागली. परंतु ज्या वर्षांत आपण ही पुस्तके वाचत होतो, त्याच वर्षांत न्यू यॉर्कच्या वस्त्यांमधून एक नवी वाणी जन्माला येत होती. तिला छापखाना लागत नव्हता, प्रकाशक लागत नव्हता, समीक्षक तर नव्हताच नव्हता. दोन तबकड्या, एक ध्वनिक्षेपक आणि न घाबरणारी जीभ एवढ्या भांडवलावर ती उभी राहिली. तिचे नाव रॅप.

या रॅपच्या इतिहासात रॉक्सॅन शाँटे हे नाव फार लवकर येते. १९८४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने एका गाण्याला दिलेला जबाब न्यू यॉर्कभर गाजला. तिच्या बालपणाची आणि प्रसिद्धीची ही हकिकत येथे मांडायची आहे. परंतु ती केवळ कर्तबगार मुलीची गोष्ट म्हणून वाचून बाजूला ठेवता येण्यासारखी नाही. आवाज जिचा असतो, त्या आवाजाचा हिशोब कोणाच्या वहीत लिहिला जातो, हा प्रश्न तिच्या आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा आहे. आणि तो प्रश्न आपल्याला परका नाही.

प्रथम रॅप म्हणजे काय ते पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी चार पैसे जमवावेत एवढाच तिचा हेतू होता. तबकड्या वाजवायला होता तिचा भाऊ, जमैकाहून आलेला कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लागला की पोरे अधिक बेभान नाचतात हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तो तेवढा तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवू लागला. या लांबवलेल्या तालावर कोणी तरी बोलू लागला, बोलता बोलता यमके जुळवू लागला. यातून रॅप आकाराला आला. हर्कचे नाव इतिहासात ठळक झाले. कार्यक्रम ठरवणारी बहीण तळटीपेत गेली. स्त्रीच्या वाट्याला काय येणार, याची चुणूक अशी पहिल्याच रात्री दिसते.

रॅपमध्ये पुढे सामन्याची रीत पडली. दोघे समोरासमोर उभे राहायचे, आयत्या वेळी यमकबद्ध ओळी रचून एकमेकांना नामोहरम करायचे, आणि कोण जिंकला ते भोवतालच्या गर्दीने ठरवायचे. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र सवाल-जवाब करीत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की शाहिराच्या फडात पुराणातली, अध्यात्मातली कोडी असत. येथे विषय समोरचा माणूस हाच. त्याचे कपडे, त्याची बढाई, त्याची वस्ती, त्याची मर्दुमकी. मर्दुमकीच्या या आखाड्यात स्त्रिया सुरुवातीपासून होत्या, हे आवर्जून सांगितले पाहिजे. फंकी फोर प्लस वन या चमूतील शा-रॉक ही त्यांपैकी एक. १९७९ साली सीक्वेन्स या तीन मुलींच्या चमूची तबकडी निघाली. त्याच वर्षी ज्या 'रॅपर्स डिलाइट' या गाण्याने रॅपला बाजार मिळवून दिला, त्याची निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्त्रीच होती. तरीही एकटी मुलगी उभी राहते आणि सगळ्या शहराला आपल्याकडे वळून पाहायला लावते, हे १९८४ पर्यंत घडले नव्हते.

लोलिता शाँटे गुडन हे तिचे जन्मनाव. जन्म ९ नोव्हेंबर १९६९. ती वाढली क्वीन्सब्रिज येथे. ही वस्ती समजून घेतल्याशिवाय ती मुलगी समजणार नाही. ईस्ट नदीच्या काठी, क्वीन्सबरो पुलाच्या सावलीत, १९३९ च्या सुमारास सरकारने कामगार कुटुंबांसाठी ही वसाहत बांधली. तीन हजारांहून अधिक घरांची ही वसाहत उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी सार्वजनिक वसाहत समजली जाते. आरंभी तेथे गोरी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहत. १९५० नंतरच्या दशकात व्यवस्थापनाने वर्षाला तीन हजार डॉलरांपेक्षा अधिक कमावणारी कुटुंबे दुसरीकडे हलवली. त्यांत बहुसंख्य गोरी होती. त्यांच्या जागी गरीब काळी आणि लॅटिन अमेरिकन कुटुंबे आली. वस्ती आपोआप 'तसली' होत नसते. कोणाला कोठे ठेवायचे याचा निर्णय कागदावर होतो आणि मग त्या वस्तीतल्या माणसांनाच तिच्या अवस्थेचा दोष दिला जातो. गावकुसाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दूरचित्रवाणीवर निप्सी रसेल नावाचा एक काळा विनोदी नट हजरजबाबी यमके जुळवून लोकांना हसवीत असे. त्याचे पाहून आपल्याला यमकांचा नाद लागला, असे शाँटेने सांगितले आहे. दहा वर्षांच्या आसपास तिने बोलायला सुरुवात केली आणि वस्तीतल्या सामन्यांत मोठमोठ्या पोरांना गप्प बसवणारी पोरगी असा तिचा लौकिक झाला. घरात बापाचा आधार नाही, आई एकटी पोरींना सांभाळते आहे, त्या ओझ्याखाली ती खचत चालली आहे, आणि पोरवयातच लोलितावर घराची जबाबदारी येऊन पडते आहे, असे चित्र तिच्या जीवनावरील 'रॉक्सॅन रॉक्सॅन' या चित्रपटात दिसते. तिच्यासाठी यमक हा फावल्या वेळचा छंद नव्हता. वस्तीत मान राखून जगण्याचे ते साधन होते.

आता १९८४ ची ती घटना. ब्रुकलिनमधल्या यूटीएफओ या चमूची 'रॉक्सॅन, रॉक्सॅन' ही तबकडी त्या वर्षी गाजत होती. गाण्याचा विषय साधा होता. रॉक्सॅन नावाची एक मुलगी वस्तीत आली आहे, तिघे जण आपापल्या परीने तिला वश करू पाहतात, ती कोणालाच दाद देत नाही, म्हणून ती गर्विष्ठ ठरते. अख्ख्या गाण्यात तिच्याविषयी बोलणारे तिघे. ती स्वतः एक शब्द बोलत नाही. याच सुमारास यूटीएफओने ठरलेला एक कार्यक्रम ऐनवेळी टाळला. त्यामुळे रेडिओवर रॅपचा कार्यक्रम करणारा मिस्टर मॅजिक आणि त्याचा सहकारी, क्वीन्सब्रिजमध्येच राहणारा तबकडीवादक मार्ली मार्ल, हे चिडले होते. त्यांचे बोलणे शाँटेच्या कानावर पडले. त्या गाण्याला मी उत्तर देते, असे ती म्हणाली.

मार्ली मार्लच्या घरातच मुद्रण झाले. आपण त्या वेळी कपडे धुवायला निघालो होतो, वाटेत थांबून बोललो आणि पुढे गेलो, असे ती सांगत आली आहे. लिहिलेला कागद समोर नव्हता. तिने एका दमात, मनात येईल तसे, रॉक्सॅनच्या तोंडून त्या तिघांचा समाचार घेतला. याच तबकडीचे नाव 'रॉक्सॅन्स रिव्हेंज', म्हणजे रॉक्सॅनचा सूड. केवळ न्यू यॉर्क परिसरात तिच्या अडीच लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते.

तिने नेमके केले काय, हे नीट पाहिले पाहिजे. पुरुषांनी गाण्यात एक बाई घडवली, तिला नाव दिले, तिच्यावर आरोप ठेवले. शाँटेने ते नाव स्वतःच्या अंगावर घेतले आणि त्या नावाने बोलू लागली. जिच्याविषयी बोलले जात होते ती आता बोलणारी झाली. साहित्यात आपण ज्याला विषयाने वक्ता होणे म्हणतो, ते एका पोरीने कोणतीही सैद्धांतिक भाषा न वापरता करून दाखवले. आपल्याविषयी इतरांनी लिहिलेले वाचून ज्यांच्या दोन पिढ्यांनी पुढे स्वतः लेखणी उचलली, त्यांना या कृतीचे मोल सांगावे लागू नये.

परंतु नाव घेतले की नावाच्या मालकीचा प्रश्न येतो. शाँटेची तबकडी यूटीएफओच्याच संगीतावर बेतलेली होती, म्हणून कायद्याची हरकत निघाली. नवे संगीत घालून, शिव्या काढून ती पुन्हा मुद्रित करावी लागली. दुसरीकडे यूटीएफओच्या बाजूने एका वेगळ्या मुलीला उभे करून 'खरी रॉक्सॅन' म्हणून तिची तबकडी काढण्यात आली. मग जबाबांचा पूरच लोटला. रॉक्सॅनचे आईबाप, रॉक्सॅनचा डॉक्टर, जो तो तबकडी काढू लागला. अशा तबकड्या तीसहून अधिक निघाल्या. काहींच्या मते त्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. या प्रकाराला 'रॉक्सॅन युद्धे' असे नाव पडले. एका पोरीच्या हजरजबाबीपणाने उघडलेली ही बाजारपेठ पाहता पाहता इतरांनी भरून टाकली.

१९८५ साली न्यू यॉर्कच्या 'न्यू म्युझिक सेमिनार'मध्ये रॅपचा मोठा सामना झाला. पंधरा वर्षांची शाँटे एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना हरवीत अंतिम फेरीत पोहोचली. तेथे तिची गाठ बिझी बी या अनुभवी रॅपरशी पडली आणि विजेता तो ठरला. परीक्षकांत त्या काळचा नामवंत रॅपर कर्टिस ब्लो होता. पंधरा वर्षांची पोरगी सर्वश्रेष्ठ ठरली तर या कलेला कोणी गंभीरपणे घेणार नाही, म्हणून त्याने आपल्याला मुद्दाम कमी गुण दिले आणि पुढे आपल्याजवळ ते कबूल केले, असे शाँटेने सांगितले आहे. या युक्तिवादाची तऱ्हा ध्यानात घेण्यासारखी आहे. ती कमी पडली असे कोणी म्हणत नाही. तिच्या जिंकण्याने आपल्या सर्वांची पत जाईल, असे म्हटले जाते. स्वतः समाजाने हीन लेखलेली कला प्रतिष्ठेसाठी धडपडू लागली की आपल्यातल्या कोणाला मागे ठेवायचे याचा हिशोब प्रथम करते, आणि त्या हिशोबात पहिला नंबर बाईचा लागतो. प्रत्येक चळवळीने स्वतःच्या घरात डोकावून पाहावे असा हा प्रसंग आहे.

मार्ली मार्लभोवती पुढे 'ज्यूस क्रू' हा चमू उभा राहिला. एम. सी. शॅन, बिझ मार्की, बिग डॅडी केन, कूल जी रॅप असे पुढे नावाजलेले पुरुष त्यात होते. शाँटे त्यांच्यातली एकमेव ठळक स्त्री. १९८७ साली ब्राँक्सच्या केआरएस-वनने क्वीन्सब्रिजच्या या चमूवर जी तबकडी काढली, तीत पुरुषांची टिंगल त्यांच्या कलेवरून झाली, शाँटेची मात्र तिच्या शरीरावरून. तिने त्याच वर्षी 'हॅव अ नाइस डे' या गाण्याने उत्तर दिले. त्या गाण्याचे शब्द बिग डॅडी केनचे होते, हेही नोंदवले पाहिजे. शाँटेची मूळ ताकद आयत्या वेळच्या रचनेत होती. ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला लिहून, बेतून, मोजून केलेला माल हवा होता. १९८८ साली रिक जेम्सबरोबरचे तिचे 'लूसीज रॅप' हे गाणे बिलबोर्डच्या काळ्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९८९ मध्ये 'बॅड सिस्टर' हा तिचा पहिला स्वतंत्र संग्रह निघाला. पहिल्या जबाबानंतर पाच वर्षे तिला त्यासाठी थांबावे लागले.

प्रसिद्धीची ही वर्षे तिच्या खाजगी आयुष्यात फार कठीण होती. पोरवयातच ती आई झाली. वयाने मोठ्या पुरुषाकडून झालेली मारहाण तिने सोसली, आणि त्याविषयी ती उघडपणे बोलली आहे. पैशाचीही कथा तशीच. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या कराराची पद्धत येथे थोडी समजून घ्यावी. कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते. ती बक्षीस नसते, उचल असते. तिच्याशिवाय मुद्रणाचा खर्च आणि बहुधा जाहिरातीचा, प्रवासाचा भागही कलावंताच्या नावे मांडला जातो आणि त्याच्या मानधनातून वळता केला जातो. तो फिटेपर्यंत तबकड्या कितीही खपल्या तरी हाती काही येत नाही. कलावंत अल्पवयीन असेल, घरी करार वाचून दाखवणारा कोणी नसेल, तर काय होईल ते सांगायला नको. ऊसतोड कामगाराची उचल आणि मुकादमाची वही ज्याने पाहिली आहे त्याला हे गणित ताबडतोब उमगेल. १९९२ साली तिचा दुसरा संग्रह निघाला आणि विशीच्या मध्यावरच ती या धंद्यातून जवळजवळ बाहेर पडली.

दरम्यान तिने उघडलेल्या दारातून इतर स्त्रिया आत आल्या होत्या. सॉल्ट-एन-पेपा यांची १९८५ मधली पहिली तबकडीसुद्धा पुरुषांच्या गाण्याला दिलेला जबाबच होता. १९८८ मध्ये एम. सी. लाइटचा आणि १९८९ मध्ये क्वीन लतीफाचा संग्रह आला. स्त्रीचा प्रवेश आधी उत्तर म्हणून झाला आणि मग ती स्वतःचे प्रश्न मांडू लागली, असा हा क्रम दिसतो. जबाबाची मर्यादा हीच असते की सवाल दुसऱ्याचा असतो. परंतु जबाब देणारी आधी उभी राहिली नसती तर स्वतःचा सवाल मांडणारीला जागा कोठून मिळाली असती? खेद याचा की १९९२ च्या 'बिग मामा' या गाण्यात शाँटेने याच भगिनींवर झोड उठवली. जेथे बाईसाठी एकच खुर्ची ठेवलेली असते, तेथे दुसरी बाई वैरीण वाटू लागते. दोष खुर्च्या मांडणाऱ्यांचाही आहे, हे विसरून चालणार नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहिते आहे तिच्याकडे येते. ऑगस्ट २००९ मध्ये न्यू यॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने अशी हकिकत छापली की, शाँटेच्या करारात तिच्या आजन्म शिक्षणाचा खर्च कंपनीने करावा असे एक कलम होते, त्याच्या बळावर तिने वॉर्नर या बड्या कंपनीकडून सुमारे २ लाख १७ हजार डॉलर वसूल केले आणि कॉर्नेल विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. बातमी जगभर पसरली. थोड्याच दिवसांत 'स्लेट' या नियतकालिकाने तपास केला. तसे कलम असल्याचा पुरावा मिळाला नाही, कॉर्नेलची डॉक्टरेट नव्हती, एका महाविद्यालयातील काही महिन्यांची उपस्थिती तेवढी सापडली. दैनिकाला आपल्या मजकुराची दुरुस्ती छापावी लागली.

या घटनेवर हसणारे पुष्कळ निघाले. खोटी पदवी सांगणे समर्थनीय नाही, हे मी शिक्षिका म्हणून निःसंदिग्धपणे म्हणेन. ज्यांच्या घरात पहिली पदवी यायला शेकडो वर्षे लागली, त्यांना पदवीची किंमत इतरांपेक्षा अधिक कळते. पण ही हकिकत इतक्या सहज खरी का मानली गेली, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. तिच्यात लोकांना हवे ते सगळे होते: लुबाडलेली पोरगी, कागदावरचे एक चतुर कलम, कंपनीवर सूड आणि शेवटी नावामागे 'डॉक्टर'. लुबाडणुकीचा शेवट न्यायाने व्हावा ही इच्छा इतकी तीव्र की पुरावा मागायला कोणी थांबले नाही. शिवाय वस्तीतल्या बाईचे मोठेपण विद्यापीठाच्या शिक्क्याशिवाय पुरे होत नाही, ही समजूतही त्यात होती. आपणही या समजुतीतून सुटलेलो नाही. जलशात गाणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या शब्दांवर आपण प्रबंध लिहितो, पदवी आपल्याला मिळते, आणि तिला मात्र 'निरक्षर असूनही' या चार अक्षरी-चार अक्षरी दयेने गौरवतो.

शाँटेला त्या शिक्क्याची गरज नव्हती. तिने केलेले काम कॉर्नेलच्या आधी, कॉर्नेलच्या बाहेर आणि कोणाच्याही परवानगीशिवाय झालेले होते. ते मान्य व्हायला काळ लागला. २०१७ साली मायकेल लार्नेल दिग्दर्शित चित्रपट सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि तिची भूमिका करणाऱ्या शाँटे अ‍ॅडम्स या अभिनेत्रीला तेथे खास पुरस्कार मिळाला. पुढे 'रॉक द बेल्स' या रेडिओ वाहिनीवर ती निवेदिका झाली. ज्या आवाजाने नाव मिळवले त्याच आवाजावर उपजीविका. ग्रॅमी देणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये सॉल्ट-एन-पेपा यांना जीवनगौरव दिला होता. २०२५ मध्ये तो रॉक्सॅन शाँटेला मिळाला. चौदाव्या वर्षी दिलेल्या जबाबाची पोच चाळीस वर्षांनी आली.

गौरव झाला याचा आनंद आहे. पण गौरव म्हणजे हिशोब नव्हे. त्या अडीच लाख तबकड्यांचे पैसे गौरवाने परत येत नाहीत, १९८५ चे गुणही बदलत नाहीत. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना ही कथा सांगताना तिचा शेवट पुरस्काराशी करू नये. आपल्या गावात, आपल्या वस्तीत आज कोणी पोरगी बोलते आहे, गाते आहे. तिचे गाणे कोणी तरी मोबाइलवर टिपून घेतो आहे आणि त्यावर कोणी तरी कमावतो आहे. तिचे कौतुक करायला आपण जाऊच. जाताना तिच्या करारावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूसही बरोबर न्यावा. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.